आंदणातला किल्ला

आमच्या आत्याच्या लग्नात काय काय आंदण दिलं त्याची यादी आजीला शेवटपर्यंत तोंडपाठ होती. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, शिसवी पाट, एक दुभती म्हैस. यादी संपली की आजी पदर सावरून एक वाक्य हमखास म्हणायची, "एवढं दिलं, तरी सासू म्हणालीच की, हिचा ओढा माहेराकडंच."

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात गेलं की मला ते वाक्य आठवतं. कारण हा किल्लाही एका लेकीबरोबर आंदण म्हणून गेलेला आहे. खंदक, दुहेरी तटबंदी, तोफांची जागा, आतली मशीद आणि देवळाचे अवशेष, सगळं धरून. आणि त्या लेकीलाही तेच ऐकावं लागलं. आत्याला ते सासरी ऐकावं लागलं. या लेकीला सासरी तर ऐकावं लागलंच, पुढं माहेरीही ऐकावं लागलं, आणि तिथं तिचा जीव गेला. तिचं नाव चांदबिबी.

आपण तिला अहमदनगरची म्हणून ओळखतो. हातात तलवार, तोंडावर बुरखा, समोर मुघल. शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र खरं आहे, पण ती गोष्ट शेवटाकडून सुरू होते. सुरुवात सोलापुरातून करायला हवी.

बहमनी राज्य फुटलं तेव्हा सोलापूर आणि त्याच्याभोवतीचे साडेपाच परगणे जैनखान नावाच्या सरदाराकडे होते. विजापूरच्या आदिलशाहीनं 1511 मध्ये ते घेतले. हे 'साडेपाच परगणे' त्या काळच्या कागदांत इतक्या वेळा येतात की वाचताना हसू येतं. भावकीच्या वाटणीतला बांधावरचा आंबा असतो ना, तसं ते. सोलापूर नगरच्या निजामशाहीला हवं, विजापूरला हवं, आणि दोघांच्या मधोमध सपाट काळी जमीन. मध्ये डोंगर आडवा नाही. सरहद्द जिथं म्हणाल तिथं.

1524 च्या सुमारास याच सोलापुरात दोन्ही सुलतानांची भेट झाली. विजापूरच्या इस्माईल आदिलशहानं आपली बहीण मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. मरियमची आई बुबूजी खानम ही मराठा सरदार मुकुंदरावाची बहीण, म्हणजे या सोयरिकीत मराठी रक्तही होतं. वाटाघाटीत सोलापूर आंदण द्यायचं ठरलं होतं असं नगरकरांचं म्हणणं. विजापूरकर म्हणाले, असं काही ठरलंच नव्हतं. नवरी गेली, किल्ला गेला नाही. मग बोलाचालीवरून लढाई, लढाईवरून दुसरी लढाई. मधल्या काळात नगरनं सोलापूर जिंकून घेतलं, ते विजापूरच्या मनातून जाईना. पुढं विजापूरच्या तरुण अली आदिलशहानं ते परत मिळवायला थेट विजयनगरच्या रामरायाला हाताशी धरलं आणि नगरचा मुलूख जाळून काढला. एका किल्ल्याच्या आंदणावरून उभा दक्खन चाळीस वर्षं धुमसत होता. नुसत्या किल्ल्यासाठी हे झालं असं मी म्हणणार नाही, पण भांडणाला कारण लागतं आणि सोलापूर ते नेहमी पुरवत होतं.

मग रामराय सगळ्यांनाच जड झाला. त्याच्याविरुद्ध एक व्हायचं तर नगर आणि विजापूरचं वैर आधी मिटायला हवं होतं. गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहानं मध्यस्थी केली आणि मुस्तफाखान अर्दिस्तानी नावाचा सय्यद वकील दोन्ही दरबारांत फिरला. त्यानं जुळवलं ते लग्न नुसतं लग्न नव्हतं, आपल्याकडं ज्याला साटंलोटं म्हणतात ते होतं. नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अलीला, आणि अलीची बहीण नगरच्या मुर्तझाला, चांदबिबीच्या भावाला. चांदबिबीबरोबर आंदण म्हणून सोलापूर. या वेळी किल्ला खरोखर गेला. 23 जानेवारी 1565 ला तालिकोटच्या रणात रामरायाचं डोकं कापलं गेलं, तेव्हा त्या सैन्याच्या एकजुटीत सोलापूरचे साडेपाच परगणे आणि पंधरा वर्षांच्या आसपासची एक मुलगी, दोन्ही खर्ची पडलेले होते.

साटंलोटं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक असतं की अशा लग्नातली सून दोन घरांमधली ओलीस असते. तिकडं काही बिनसलं की इकडं हिच्या ताटात कमी पडतं.

विजापुरातली पहिली पंधरा वर्षं मात्र तिची बरी गेली असावीत. ती नवऱ्याबरोबर घोड्यावर स्वारीला जायची, शिकारीला जायची, कारभारातलं तिला कळायचं. फारसी-अरबीबरोबर तिला कानडी आणि मराठीही येत होती असं सांगतात, आणि नगरात वाढून विजापुरात नांदलेल्या बाईला त्या दोन भाषा आल्या नसत्या तरच नवल. 1579 मध्ये अलीनं विजापुरात शहापूर वेशीजवळ एक मोठी बावडी बांधली आणि तिला बायकोचं नाव दिलं, चांद बावडी. मूल नव्हतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1580 मध्ये, अलीचा त्याच्याच महालात एका खोजानं खून केला.

गादीवर आला अलीचा पुतण्या इब्राहिम, वय नऊ वर्षं. त्याचं संगोपन आणि शिक्षण चांदबिबीकडे, कारभार दरबारात जो वरचढ ठरेल त्याच्याकडे. पहिला कामिलखान. तो राणीला जुमानेना, तेव्हा तिनं हाजी किश्वरखानाला पुढं करून त्याचा काटा काढला. मग किश्वरखान जुमानेना. त्यानं बादशाही शिक्क्याचा हुकूम तयार करून बंकापुरात मुस्तफाखान अर्दिस्तानीला मारलं. मुस्तफाखान म्हणजे तोच, तिचं लग्न जुळवणारा. चांदबिबीनं भर जनान्यातून त्याला सुनावलं की सय्यदाला मारलंस. किश्वरखानानं उत्तरादाखल जे केलं ते नीट बघण्यासारखं आहे. हिनं राज्य बुडवलं असं तो म्हणाला नाही, पैसा खाल्ला असंही नाही. तो म्हणाला, ही भावाला पत्रं लिहिते. विजापुरातल्या खबरा नगरला कळवते, मुर्तझा निजामशहाला चढाई करायला हीच बोलावते. माहेराकडं ओढा.

तिला ओढून जनान्याबाहेर काढलं आणि साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्या सातारकरांना ती कैद ठाऊक असते. तिथल्या माहितीत एक ओळ तिच्या वाट्याला आलेली आहे. त्या वेळी विजापुरात काय झालं ते इतिहासकार फिरिश्ता सांगतो. किश्वरखान रस्त्यानं निघाला की बायाबापड्या त्याला तोंडावर शिव्या घालत, सय्यदाचा खुनी आणि चांदबिबीचा छळ करणारा म्हणून. थोड्याच दिवसांत हबशी सरदार उठले, किश्वरखान आधी नगरला आणि मग गोवळकोंड्याला पळाला, आणि तिथं मुस्तफाखानाच्या माणसानं त्याला गाठलं.

चांदबिबी परत आली तेव्हा ज्या नगरला ती फितूर म्हणून कैदेत गेली होती, त्याच नगरचं सैन्य गोवळकोंडेकरांना घेऊन विजापूरच्या तटाखाली उभं राहिलं. आत माणसं थोडी, सरदार एकमेकांवर डूख धरून. हबशी सरदारांनी शेवटी शहाणपण केलं आणि कारभारी कोण ते राणीनं ठरवावं म्हणून सांगितलं. तिनं शहा ताहिरचा मुलगा शहा अबुल हसन याला नेमलं. त्यानं कर्नाटकातल्या मराठा बारगिरांना बोलावलं. बारगिरांनी समोरासमोर लढाई दिलीच नाही, वेढा घालणाऱ्यांची रसद तोडली, रात्री छापे घातले, बैल पळवले. वर्षभराचा वेढा उठला. पुढं मलिक अंबरानं आणि शिवछत्रपतींनी जी रीत जगाला दाखवली, तिची एक रंगीत तालीम विजापूरच्या वेशीबाहेर झाली होती, आणि ती तालीम करवून घेणारा कारभारी चांदबिबीनं निवडलेला होता. भावाविरुद्ध सासरचा गड राखून तिनं किश्वरखानाच्या आरोपाला उत्तर दिलं. अर्थात अशा उत्तरानं असे आरोप मिटत नाहीत.

1582 नंतर दिलावरखानाचा अंमल आला, राणीला काम उरलं नाही. 1584 मध्ये इब्राहिमच्या बहिणीचं लग्न नगरच्या राजपुत्राशी झालं, तेव्हा चांदबिबी पाठराखीण म्हणून नगरला गेली.

नगरला तेव्हा काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण तपशील सांगू लागलो तर वाचणाऱ्याला घेरी येईल. मुर्तझाला 1588 मध्ये मुलानं मारलं, मुलाला दुसऱ्या वर्षी सरदारांनी मारलं, त्यानंतर मुर्तझाचा पुतण्या, मग पुतण्याचा बाप, मग त्याचा दुसरा मुलगा. सात वर्षांत पाच सुलतान. 1595 मध्ये इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला आणि मागं राहिलं ते बहादूर नावाचं तान्हं पोर. दक्खनी गटाच्या मियाँ मंजूनं कुठला तरी अहमद आणून गादीवर बसवला, हबशी सरदारांनी तो नाकारला, आणि मंजूनं अक्कल गहाण टाकून गुजरातेतल्या शहजादा मुरादला मदतीला बोलावलं. अकबराचा मुलगा. मुराद निघाला तेव्हा मंजूला आपण काय केलं ते कळलं. तो किल्ल्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देऊन निघून गेला.

आत राहिली पंचेचाळिशीची विधवा. सासर सोडून आलेली, माहेरात परत आलेली आत्या. तिनं मंजूच्या माणसाला दूर केलं, जुन्नरकडच्या चावंड किल्ल्यावर अडकवून ठेवलेल्या बहादूरच्या नावानं द्वाही फिरवली आणि दरवाजे लावून घेतले.

डिसेंबर 1595 च्या अखेरीस मुघल आले. नगरचा किल्लाही भुईकोट, आमच्या सोलापूरसारखाच जमिनीवर बसलेला. डोंगरी किल्ल्याला उंची राखते, भुईकोटाला फक्त भिंत आणि खंदक. म्हणून मुघलांनी भिंतीखालून जायचं ठरवलं. पाच सुरुंग खणले, दारू भरली, तोंडं बंद केली. रात्रीतून एक माणूस, ख्वाजा मुहम्मदखान शिराझी, मुघल छावणीतून गुपचूप तटाशी आला आणि सुरुंग कुठं आहेत ते सांगून गेला. आतल्या लोकांनी उजाडेपर्यंत खणून दोन सुरुंग शोधले, दारू उपसली. तिसरा, सगळ्यात मोठा, उपसत असतानाच बाहेरून बत्ती दिली गेली.

तो प्रसंग फेब्रुवारीच्या उत्तरार्धातला. तटाचा मोठा भाग उडाला, खणणारे त्याच्याखाली गेले. दगड आभाळात गेले आणि आपल्याच माणसांवर पडले. धुळीत काही दिसेना. जे वाचले त्यांनी पळ काढला, त्यांत नावाजलेले सरदार होते. त्या धुळीत चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा आणि हातात नागवी तलवार घेऊन खिंडारात उतरली. पळणारे थबकले. उरलेले सुरुंग केव्हा उडतात याची वाट बघत मुघलांनी हल्ल्याला उशीर केला. तेवढ्या वेळात आतल्यांनी खिंडारात तोफा आणून लावल्या. दुपारपासून अंधार पडेपर्यंत हल्ले होत राहिले आणि खंदक प्रेतांनी भरत गेला. रात्री मुघल माघारी गेले. मग जे झालं ते मला तलवारीपेक्षा मोठं वाटतं. रात्रभर ती खिंडारापाशी उभी राहिली आणि गवंडी, मजूर, शिपाई, ज्याला हात आहेत त्यानं दगड, माती, लाकडं, जे मिळेल ते रचलं. सकाळी मुरादनं पाहिलं तर भिंत उभी होती.

दारूगोळा संपला तेव्हा तिनं तांब्याचे, मग चांदीचे, मग सोन्याचे गोळे ओतून डागले, ही गोष्ट दक्खनमध्ये शेकडो वर्षं सांगितली जाते. सोनं तोफेत घालून उडवणारी राणी लोकांना आवडणारच. मला त्या गोष्टीवर विश्वास ठेवायची गरज वाटत नाही. एका रात्रीत चढवलेली भिंत पुरेशी आहे.

विजापूर आणि गोवळकोंड्याची कुमक सुहेलखानाच्या हाताखाली येत होती, मुघलांना दाणागोटा मिळेना, मुराद आणि मुघल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम यांचं पटेना. तह झाला. मुघलांनी बहादूरला सुलतान मानलं, निजामशाहीनं वऱ्हाड दिलं. हे वाक्य पुस्तकांत घाईनं उरकलेलं असतं. वऱ्हाड दिलं म्हणजे अख्खा सुभा दिला. तो तह करणारी बाई तीच, खिंडारातली. तिला लढता येत होतं तसंच सोडताही येत होतं, आणि काय राखायचं म्हणून काय सोडायचं हा हिशेब ती लहानपणापासून पाहत आली होती. ती स्वतःच त्या हिशेबातली एक रक्कम होती.

निजामशाहीचा इतिहास लिहिणारा सय्यद अली तबातबा त्या वेढ्याच्या वेळी नगरातच होता. त्याचं पुस्तक या तहापाशी थांबतं. चांदबिबीची लोकप्रिय गोष्टही साधारण तिथंच थांबते. पुढची चार वर्षं सांगायला कोणाला फारशी गोडी नसते.

त्या चार वर्षांत तिनं नेमलेला पेशवा मुहम्मदखान तिच्याविरुद्ध गेला. तिनं विजापूरला, आपण वाढवलेल्या इब्राहिमला लिहिलं, सुहेलखान परत आला आणि मुहम्मदखान कैद झाला. त्याच्या जागी हबशी अभंगखान आला, आणि त्यानंही राणीला आणि पोराला ताब्यात घ्यायचा डाव टाकला. तिनं त्याच्या तोंडावर किल्ल्याचे दरवाजे लावले. आता किल्ल्यात राणी, किल्ल्याबाहेर तिचाच पेशवा, आणि दूरवर मुघल वाट बघत बसलेले. 1599 च्या मे महिन्यात मुराद दारूपायी मेला, त्याच्या जागी भाऊ दानियाल आला, आणि 1600 मध्ये अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन बसला. दानियाल नगरवर चालून निघाला तेव्हा त्याला घाटात अडवायला गेलेला अभंगखान न लढताच जुन्नरला पळाला.

दुसरा वेढा पहिल्यासारखा नव्हता. पहिल्या वेळी बाहेरून कुमक येत होती. या वेळी कोणी येणार नव्हतं. चांदबिबीनं मुघलांशी बोलणी चालवली होती हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल त्या वेळी दक्खनमध्येच होता. तो लिहितो की तिनं किल्ला द्यायचं कबूल केलं होतं आणि बदल्यात बीडची जहागीर मागितली होती. मुघलांचा माणूस मुघलांच्या सोयीचं लिहिणार हे धरूनही त्यात तथ्य असावं. फिरिश्ताच्या सांगण्याप्रमाणे तिनं किल्ल्यातल्या हमीदखान नावाच्या खोजा सरदाराला बोलावून विचारलं. तिचं म्हणणं असं, इतक्या सरदारांनी एकमेकांत माजवलेल्या बेदिलीनं आपण इथवर आलो, आता हा किल्ला टिकत नाही. आत्ता बोललो तर माणसांचे जीव आणि बहादूर हाती राहील, त्याला घेऊन जुन्नरला जाऊ.

हमीदखान तिथून उठला आणि किल्ल्याच्या गल्लीत ओरडत सुटला, राणी मुघलांना फितूर झाली, किल्ला विकला. दक्खनी शिपायांचा जमाव त्याच्यामागं झाला. ते तिच्या महालात घुसले आणि तिला मारलं. जुलै 1600.

वीस वर्षांपूर्वी विजापुरात ती नगरला फितूर होती. आता नगरात ती मुघलांना फितूर.

असा ठपका ठेवून मारलेली राणी ती एकटीच नव्हे. लंडनच्या टॉवरमध्ये 19 मे 1536 ला इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची दुसरी राणी अ‍ॅन बोलिन हिचं डोकं तलवारीनं उडवलं, त्यासाठी कॅलेहून खास तलवारबाज बोलावला होता. तिच्यावर व्यभिचाराचा आणि राजद्रोहाचा आरोप होता. आरोपात पाच पुरुषांची नावं गोवली होती, त्यांत सख्ख्या भावाचंही. तिथं खटला झाला, सरदारांचं न्यायमंडळ बसलं, निकाल लिहिला गेला. नगरात एक माणूस ओरडला आणि बाकीचे धावले. इंग्रजांची रीत टापटिपीची होती एवढाच काय तो फरक. राणीला मारायचं तर ती परक्याची झाली असं म्हणावं लागतं, हे दोन्हीकडं सारखं.

पण मरणानंतर दोघींच्या वाटा फुटतात. अ‍ॅनला मुलगी होती. आई मेली तेव्हा एलिझाबेथ तीन वर्षांचीही झाली नव्हती. 1558 मध्ये ती राणी झाली आणि चव्वेचाळीस वर्षं राहिली. मग लेखकांना अ‍ॅनची धर्मनिष्ठा आठवू लागली. मुलगी गादीवर असताना आईला वेश्या कोण म्हणणार! आजही दर 19 मे ला टॉवरमधल्या तिच्या थडग्यासाठी लाल गुलाबांचा गुच्छ येतो. आणि याच एलिझाबेथनं 31 डिसेंबर 1600 ला लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका कंपनीला पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. चांदबिबीला जाऊन तेव्हा सहा महिनेही पुरते झाले नव्हते. त्या कंपनीच्या फौजेनं ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीच्या हाताखाली नगरचा किल्ला घेतला. हा योगायोगच, त्यातून काही काढायला जाऊ नये. पण तो कळल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

चांदबिबीमागं कोणी नव्हतं. पोटचं पोर नाही, आणि ज्याच्यासाठी लढली त्या बहादूरला ऑगस्ट 1600 मध्ये किल्ला पडताच ग्वाल्हेरच्या तुरुंगात नेलं. तिला मारणाऱ्यांना किल्ला महिनाभरच राखता आला. सुरुंग उडाले, मुघल आत शिरले, हमीदखान आणि त्याच्याबरोबरचे कापले गेले. राणीनं जे होईल म्हणून सांगितलं होतं ते तंतोतंत झालं, आणि तिचं नाव राखायला मागं उरली ती लोकांची आठवण.

लोकांनी ती राखली, पण आपल्या पद्धतीनं. दक्खनी चित्रकारांनी तिला घोड्यावर काढली, हातावर ससाणा, बाजूला चाकर. तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी काढलेलं असं एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावर वेढा नाही की तह नाही. ती शिकारीला निघालीय, म्हणजे विजापूरच्या बऱ्या वर्षांतली चांदबिबी ती. काहींच्या सांगण्यात तिला कोणी मारलंच नाही, तिनं तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली. आपल्याच माणसांनी मारलं हे सांगण्यापेक्षा ते सोपं जात असावं. सोलापुरापासून पंचेचाळीस किलोमीटरवर नळदुर्गला 1853 नंतर काही वर्षं कारभार पाहिलेल्या मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं उतारवयात तिच्यावर कादंबरी लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर 1878 मध्ये छापून आली. नगरच्या किल्ल्यात 1942 ते 1945 कैदेत असलेल्या नेहरूंनी तिथं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, त्यात बागेसाठी खणताना सापडलेल्या जुन्या भिंतींबरोबर तिची आठवण आहे.

नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तिच्या नावाची सगळ्यात ठळक वास्तू म्हणजे शहराबाहेर शहा डोंगरावरचा चांदबिबी महाल. तीन मजली, अष्टकोनी, लांबून दिसणारा. सहलीच्या बसेस तिथं येतात. तो महाल नाही आणि चांदबिबीचा तर नाहीच. तो मुर्तझा निजामशहाचा कारभारी सलाबतखान याचा मकबरा आहे, तळघरात कबरी आहेत. सलाबतखान मोठा माणूस, नगरला पाणी आणि बागा देणारा. पण लोकांना त्याच्या थडग्याच्या जागी तिचा महाल हवा होता, आणि लोकांनी तो घेतला. चुकीचं आहे हे मला कळतं. तरी तिथं उभं राहून कोणी "चांदबिबी इथं राहायची" असं पोराला सांगत असलं, तर माझ्यानं दुरुस्ती करवत नाही.

आणि सोलापूर? आम्हाला वधस्तंभ आणि स्मरण यांचं नातं कोणी शिकवायला नको. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांचे चार पुतळे इथं चौकात आहेत, रिक्षावाल्याला नुसतं 'चार पुतळे' म्हटलं तरी पुरतं. चांदबिबीचं मात्र गावात काही नाही. तक्रार म्हणून नव्हे, पण किल्ल्यात हिंडताना मनात येतं की हे बुरूज तिच्या मेण्यामागून विजापूरच्या दप्तरात गेले. आंदणाचं भांडण तिच्यानंतरही मिटलं नाही. निजामशाहीच्या मलिक अंबरानं 1624 मध्ये भातवडीला मुघल आणि विजापूरकर दोघांना हरवलं, आणि पाठोपाठ कुठं गेला? सोलापूर घ्यायला. साडेपाच परगणे परत माहेरी.

गेल्या हिवाळ्यात विजापूरला गेलो होतो. सोलापुरातून एसटीनं शंभर किलोमीटर, दोन-अडीच तास. गोलघुमटाला रांग होती म्हणून आधी चांद बावडी बघायला गेलो. दगडी कमान, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, चौकोनी पाणी, वर शेवाळाचा हिरवा थर, कोपऱ्यात प्लास्टिकच्या बाटल्या. कट्ट्यावर एक म्हातारी ऊन खात बसली होती. मी मोडक्या कानडीत विचारलं, ही बावडी कुणाची. ती मराठीतच म्हणाली, "राणीची हाय की. नवऱ्यानं बांधून दिली तिला."

"राणी कुठली होती?"

तिनं जरा विचार केला. "आमच्यातलीच की," म्हणाली. "इथलीच."